दारावरची पाटी

न्यूयॉर्क शहरातील ‘न्यूयॉर्कर’ हे आलिशान हॉटेल १९३० साली उघडले. त्याच्या तेहेतिसाव्या मजल्यावरील ३३२७ क्रमांकाच्या खोलीत निकोला टेस्ला हा थोर संशोधक १९३४ पासून एकटाच राहत असे. कबुतरांना दाणे घालणे हा त्याचा विरंगुळा. ७ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, तो तेथेच निवर्तला. ‘व्यत्यय आणू नये’ ही त्याने दारावर लावलेली पाटी सर्वांनी दोन दिवस इमानाने पाळली. अखेर एका मोलकरणीने ती न जुमानता दार उघडले.

तिचे चुकले काय? पाहुण्याची इच्छा मोडणे हा त्या व्यवसायात अपराधच. शिवाय एकांत ही काही वाईट वस्तू नव्हे. आम्ही धर्मगुरू तर तो मागून घेतो. परंतु लॅटिनमधील ‘होस्पेस’ हा शब्द यजमान व पाहुणा या दोघांनाही लागतो; हॉटेल आणि हॉस्पिटल त्याच कुळातले. खोलीचे भाडे चुकते झाले की हे नाते फिटते, असे आम्हांस वाटत नाही.

गेल्या आगमनकाळात धर्मग्रामातील एका वृद्धांच्या दाराशी वर्तमानपत्रे साचलेली आम्ही पाहिली. त्यांना भेटीगाठी आवडत नाहीत, म्हणून घंटा न वाजवताच जिना उतरलो. ते मुलीकडे गेले होते, हे आम्हांला चौथ्या दिवशी कळले.