पासष्ट गुणांचा अर्थ

माणसाला गुण द्यायचे आणि त्या गुणांवरून त्याला देशात घ्यायचे की बाहेर ठेवायचे ते ठरवायचे, हे नीतीला धरून आहे का? परदेशी स्थायिक होण्याच्या तयारीत असलेल्या घरांमध्ये हा प्रश्न सहसा निघत नाही, कारण तिथे सगळे लक्ष गुण वाढवायचे कसे याकडे लागलेले असते. पण प्रश्न खरा आहे. माणसाचे मोल कशाने ठरते आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाला, या जुन्या प्रश्नाला कौशल्याधारित व्हिसाने नवे रूप दिले आहे. ऑस्ट्रेलियाची पद्धत त्याच्या विचारासाठी सोयीची आहे, कारण तिचा हिशेब उघड आहे. 'वन एटी नाइन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र कुशल व्हिसाला किमान ६५ गुण लागतात. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, पदवीला १५, डॉक्टरेटला २०, इंग्रजीच्या परीक्षेत सर्वांत वरची श्रेणी मिळाली तर २०, परदेशातल्या आठ वर्षांच्या अनुभवाला १५. त्याआधी त्या त्या व्यवसायाच्या संस्थेकडून अ‍ॅसेसमेंट करून घ्यावी लागते आणि तिथे अनुभवाची सुरुवातीची काही वर्षे वजाही होऊ शकतात. मग 'ईओआय', म्हणजे अर्ज करण्याची इच्छा कळवणारा फॉर्म, भरून वाट पाहायची. ६५ झाले म्हणून बोलावणे येतेच असे नाही, कारण प्रत्येक फेरीत आधी वरच्या गुणांचे लोक उचलले जातात. माझे म्हणणे असे की ही मोजणी मुळात अन्यायाची नाही. ती एका छोट्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आहे. तेच उत्तर मोठ्या प्रश्नाला लावले की अन्याय सुरू होतो, आणि ही चूक राज्यसंस्था करते तशी अर्जदार आणि त्याचा समाजही करतो.

गुणपद्धतीवरचा पहिला आक्षेप असा की ती माणसांचा बाजार मांडते. या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर तिच्याआधी काय होते ते पाहावे लागते. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. आशियाई लोकांना बंदी, असे शब्द त्यात नव्हते. बंदरावरचा अधिकारी एखाद्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवी आणि आलेल्या माणसाने तो लिहून द्यायचा, अशी अट होती. भाषा कोणती हे मात्र अधिकारी ठरवी. ज्याला घ्यायचे नाही त्याला येत नसलेली भाषा निवडायची, की झाले. १९३४ मध्ये प्रागचे लेखक एगॉन किश तिथे गेले तेव्हा त्यांना अनेक भाषा येतात हे ठाऊक असल्याने स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा घेतली गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ही श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली, वंशावर आधारलेले धोरण १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने मोडीत काढले आणि १९७९ मध्ये अंकांची पद्धत आली. अंक आले म्हणजे अधिकाऱ्याच्या मनातला द्वेष परीक्षेच्या आड लपायची एक जागा कमी झाली. नियम आधी छापलेले, सर्वांना सारखे, आणि निर्णय चुकला तर दाखवून देता येण्याजोगा. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्थेवर ठेवलेला एक मुख्य आरोप असा होता की ती माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून न ठरवता आईबापांच्या स्थानावरून ठरवते. या कसोटीवर गुणपद्धती जन्मावरच्या निवडीपेक्षा निःसंशय वरच्या पायरीवर आहे. तिला सरसकट अमानुष म्हणणारा माणूस तिच्याआधीच्या अमानुषतेचा हिशेब विसरतो.

तरीही ती नेमके काय मोजते हे तपासलेच पाहिजे. एका माणसाचा ३३ वा वाढदिवस उजाडतो आणि त्याचे वयाचे गुण ३० वरून २५ वर येतात. चाळिशीला ते १५ होतात आणि ४५ पूर्ण झाल्यावर तर बोलावणेच मिळत नाही. आदल्या दिवशीचा इंजिनिअर आणि आजचा इंजिनिअर यांच्यात काहीही फरक पडलेला नसतो. जोडीदाराचे गुण तर आणखी बोलके आहेत. अविवाहिताला १० गुण मिळतात. जोडीदार स्वतः पात्र व्यवसायात असेल आणि त्याचे इंग्रजी पुरेसे असेल तरीही १०, फक्त इंग्रजी असेल तर ५, आणि दोन्ही नसेल तर शून्य. म्हणजे जिने नवऱ्याच्या आजारी आईवडिलांची सेवा केली, मुले वाढवली, पण इंग्रजीची परीक्षा दिली नाही, अशा बाईशी लग्न असणे हे अविवाहित असण्यापेक्षा दहा गुणांनी कमी भरते. उलट मराठी येण्याचे ५ गुण मिळू शकतात. 'नाती' या संस्थेची सामाजिक भाषांतराची परीक्षा मराठीतही देता येते. त्यात दवाखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत होतात तसे दोन संवाद दोन्ही भाषांत फिरवून सांगायचे असतात. ज्याने जन्मभर मराठी कविता लिहिली त्यालाही पाच आणि ज्याने तयारीच्या क्लासात जाऊन वैद्यकीय शब्द पाठ केले त्यालाही पाचच. यात कवीचा अपमान नाही, कारण परीक्षा कवितेची नव्हतीच. हे सगळे तपशील एकच गोष्ट सांगतात. हा आकडा अर्जदाराविषयी फार थोडे बोलतो. यजमान देशाला या वर्षी, या वयाची, या कामाची माणसे किती हवी आहेत, हे तो सांगतो. म्हातारी होणारी लोकसंख्या, पुढे किती वर्षे कर मिळेल, कुठल्या राज्यात नर्स कमी आहेत, याचे ते गणित आहे. ६५ गुण हे गरजेचे माप आहे.

गरजेचे माप आणि माणसाचे मोल यांची गल्लत किती महागात पडते याची साक्ष आपल्याच परंपरेत आहे. वेदान्ताच्या ग्रंथात आरंभीच चार गोष्टी सांगण्याची रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. अधिकारी कोण हे प्रयोजनावरून ठरते, हा त्यातला शहाणपणाचा भाग. विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मोक्षाची ओढ ज्याच्याकडे आहे तो या अभ्यासाला योग्य. ज्याच्याकडे ते नाही तो या अभ्यासाला अजून तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा आत्मा उणा आहे असे अद्वैताच्या तर्कात म्हणताच येत नाही. पण त्याच परंपरेने ब्रह्मसूत्रांच्या चर्चेत शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असे ठरवले. अभ्यासाच्या तयारीची कसोटी जन्माची कसोटी झाली आणि तिथून माणसाच्या योग्यतेचाच निवाडा बनली. वारकरी संतांनी या जागी बोट ठेवले. भक्तीला सगळ्यांचा अधिकार आहे असे त्यांनी सांगितले, तरी चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरच राहिली आणि त्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. एका मर्यादित कामासाठी केलेली पात्रतेची अट माणसाच्या किमतीवरचा शिक्का झाली, तर तो पुसायला शतके लागतात. व्हिसाच्या आकड्याबाबत तीच घसरण आपल्या डोळ्यांसमोर होऊ शकते.

यशस्वी अर्जदार ही गल्लत सर्वांत सहज करतो. मी कष्ट केले, परीक्षा दिल्या, म्हणून मला पीआर, म्हणजे कायम निवासाचा परवाना, मिळाला, तो माझ्या हक्काचा आहे, असे त्याला वाटते. कष्ट खरे आहेत, त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण न्यूझीलंडच्या नागरिकाकडे पाहावे. १९७३ पासूनच्या दोन देशांमधल्या व्यवस्थेमुळे तो ऑस्ट्रेलियात जाऊन राहू शकतो, काम करू शकतो, आणि त्याला एकही गुण मिळवावा लागत नाही. ऑकलंडला जन्मलेला सुतार आणि नाशिकला जन्मलेला सुतार यांच्या हातात फरक नसतो, पासपोर्टात असतो. म्हणजे जन्म दारातून हाकलला तरी खिडकीतून परत आलाच. मग इंग्रजी माध्यमाची शाळा परवडणे, अ‍ॅसेसमेंटची फी भरता येणे, योग्य वेळी योग्य शाखेची पदवी असणे, यांतही नशिबाचा वाटा मोठा. ज्याला हे कळले त्याच्या यशात कृतज्ञता राहते. आणि ज्याचे गुण ६० वर अडले, किंवा ४५ वे वर्ष उलटले, त्यालाही याच कारणाने मान खाली घालण्याचे काही कारण उरत नाही. त्याला कोणी नापास केलेले नाही. एका परक्या देशाच्या गरजेशी त्याचे आयुष्य जुळले नाही, इतकेच. लग्न जमवताना पीआर असलेल्या मुलाला वेगळ्या नजरेने पाहणारा आणि व्हिसा नाकारलेल्या मुलाची चौकशी हळू आवाजात करणारा आपला समाज परराष्ट्राच्या मनुष्यबळ-तक्त्याला चारित्र्याचा दाखला समजतो. ही चूक त्या देशाने आपल्यावर लादलेली नाही, ती आपणच ओढवून घेतली आहे.

राज्यसंस्थेची चूक वेगळी आहे, आणि अधिक गंभीर. कुशल व्हिसाच्या अर्जात कुटुंबाची आरोग्य तपासणी असते. एखाद्या सदस्याच्या उपचारांचा आणि सेवांचा सरकारवर पडणारा अंदाजे खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर सगळ्या कुटुंबाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. एखादी नर्स सर्व कसोट्यांवर उतरली, तिचे गुण भरपूर आहेत, देशाला नर्स हव्याही आहेत, पण तिच्या मुलाला गंभीर अपंगत्व आहे, तर त्या मुलाच्या नावापुढे डॉलरमध्ये एक रक्कम लिहिली जाते आणि त्या रकमेवर निर्णय फिरतो. १९९२ च्या अपंगत्व-भेदभावविरोधी कायद्यातून स्थलांतराचा कायदा मुद्दाम वगळलेला आहे, म्हणजे नागरिकाच्या बाबतीत जो भेदभाव बेकायदेशीर ठरतो तो दाराबाहेरच्या मुलाच्या बाबतीत नियम ठरतो. यावरचा आक्षेप हलका नाही. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था करदात्यांच्या पैशावर चालते आणि आधी रांगेत असलेल्यांचा तिच्यावर हक्क आहे. हे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक, मर्यादा हा निसर्गनियम नाही. जुलै २०२४ मध्ये ती ५१ हजार डॉलरवरून ८६ हजार डॉलरवर नेली, तेव्हा काल ओझे असलेली काही मुले आज ओझे राहिली नाहीत. दुसरी अधिक महत्त्वाची. आईची निवड गरजेवर होते, कारण तिने स्वतः काम करण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. मुलाने असा कुठलाच प्रस्ताव ठेवलेला नाही. त्याला उपयुक्ततेच्या मापाने मोजण्याला आधारच नाही. कान्टने १७८५ च्या ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांतला भेद केला तो इथे नेमका लागू पडतो. ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, माणसाच्या जागी ठेवता येत नाही. आईच्या श्रमाला किंमत लावणे हा करार आहे, मुलाला किंमत लावणे ही मर्यादा ओलांडणे आहे.

यावर कोणी म्हणेल की कोणी कोणाला जबरदस्ती केलेली नाही, नियम पटत नसतील तर अर्ज करू नये. देश म्हणजे सभासदांची संस्था, नवे सभासद तिने आपल्या मर्जीने घ्यावेत. राजकीय तत्त्वज्ञ मायकल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये हा अधिकार जोरकसपणे मांडला, आणि १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामाही देश सोडण्याचा हक्क देतो, दुसऱ्या देशात शिरण्याचा देत नाही. उलट टोकाला जोसेफ कॅरेन्स यांनी १९८७ मध्ये म्हटले की श्रीमंत देशाचे नागरिकत्व ही आजच्या काळातली सरंजामी वतनदारी आहे, सीमा खुल्याच असाव्यात. मला कॅरेन्स यांचे निदान बरोबर वाटते. पण जोवर देश स्वतःच्या शाळा, दवाखाने आणि न्यायालये स्वतःच्या करांतून चालवतात तोवर निवडीचा काहीएक अधिकार त्यांना मानावा लागेल. मात्र वॉल्झर यांच्याच विचाराचा दुसरा भाग विसरून चालणार नाही. ज्यांचे श्रम घेतले त्यांना नागरिकत्वाचा मार्ग बंद ठेवणे ही त्यांच्या मते जुलमाची रीत आहे. निवडण्याचा अधिकार वापरला की त्याच क्षणी कर्तव्य जन्माला येते. तू आम्हाला उपयोगी आहेस म्हणून ये, असे म्हणणाऱ्या देशाने, उपयोग संपला की जा, असे म्हणण्याची वाट स्वतःसाठी बंद केली पाहिजे. म्हणून 'फोर नाइन्टी वन'सारख्या व्हिसात काही वर्षे ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागात राहण्याची अट समर्थनीय आहे, कारण तिच्या शेवटी कायम निवासाचा रस्ता लिहिलेला आहे. त्याच कारणाने, ज्या व्हिसात माणूस एकाच मालकाला बांधलेला राहतो आणि पुढचा रस्ता दिसत नाही, तो असमर्थनीय आहे.

अर्जदाराचेही कर्तव्य यातूनच निघते. गुण हे गरजेचे माप आहेत असे मानले की रेफरन्स लेटरमध्ये न केलेले काम लिहून घेणे, एजंटने सुचवलेला फुगवलेला हुद्दा लावणे, हे चातुर्य राहत नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या कोणाची तरी जागा त्याने खाल्लेली असते आणि ज्या विश्वासावर ही उघड पद्धत टिकून आहे तो विश्वासही. शिवाय आकडा हे आपले मोल नाही हे पक्के ठाऊक असेल, तर तो खोटा करून वाढवण्याची गरजही उरत नाही. तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे: देशाने गुण जरूर मोजावेत, उघडपणे मोजावेत, आणि ज्याने काम देऊ केले आहे त्याचेच मोजावेत. मूल, म्हातारपण आणि आजार त्या तक्त्यात घालू नयेत. आणि अर्जदाराने, उत्तर होकाराचे असो वा नकाराचे, ते परक्या देशाच्या गरजेविषयीचे उत्तर म्हणून स्वीकारावे, स्वतःविषयीचे म्हणून नव्हे. माणसाविषयीचा निवाडा करण्याचा अधिकार त्या कचेरीला कोणी दिलेला नाही, आणि आपणही तो देऊ नये.