शिक्षा भोगून आलेला गडी

जत्रेच्या फडात उतरलेला पैलवान आधी मूठभर माती उचलून कपाळाला लावतो आणि मग समोरच्याच्या अंगावर टाकतो. शहरातून आलेल्या पाहुण्याला यात उद्धटपणा दिसतो. पण त्या मातीचा अर्थ साधा आहे. तुझे अंग मला धरता यावे, माझे तुला. कुस्ती ही धरण्याची विद्या आहे. अंग निसटू लागले की ती विद्याच राहत नाही. म्हणून तेल हौद्याच्या मातीत चालते. हळद, ताक, लिंबू यांच्याबरोबर ते मुरवतातच. उघड्या अंगावर मात्र चालत नाही.

१९७८ च्या सुमारास मी भालकी तालुक्यातल्या मांजरेकाठच्या एका गावी शाळामास्तर होतो. गावची जमीन काळी, त्यामुळे फडासाठी बीदरच्या बाजूची तांबडी माती बैलगाड्यांतून आणावी लागे. त्या वर्षी आमच्या गावच्या एका पोराने, वय असेल एकोणीस-वीस, मानेला आणि मांड्यांना तेल चोळून वरून मातीचा नुसता हात फिरवला होता. समोरच्या गड्याची पकड तीनदा सुटली. तेव्हा त्याचा वस्ताद फडात आला, आपल्या पांढऱ्या धोतराचा सोगा त्याने पोराच्या मानेवरून फिरवला आणि चारी बाजूंच्या माणसांना तो उंच धरून दाखवला. बोलायला काही उरले नाही. पंचांनी जागच्या जागी निकाल दिला : दोन जत्रा फडात उतरायचे नाही.

दोन जत्रा गेल्या. तिसऱ्या वर्षी शेवटची, मानाची कुस्ती पलीकडच्या गावाशी ठरली. पलीकडचे म्हणजे महाराष्ट्रातले. आमच्यात त्या पोराच्या तोडीचा दुसरा गडी नव्हता. मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि मास्तर म्हणून माझेही मत विचारले गेले. मी म्हणालो, “शिक्षा संपली, मान्य. त्याने खुशाल कुस्त्या कराव्यात. पण गावाच्या नावाने नको. चोराने शिक्षा भोगली म्हणून कुणी त्याच्या हातात तिजोरीची किल्ली देत नाही.” वाक्य टाळीचे होते आणि ते टाळीसाठीच म्हटले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. तो पोरगा पाराच्या कडेला बसून ऐकत होता. दुसऱ्याला पाठवले, तो हरला. पण गावाने लाज राखली, असे म्हणत सगळे घरोघर गेले.

हे मी विसरून गेलो होतो. नरसिंग यादवने ते पुन्हा वर काढले.

नरसिंगचे घराणे मूळचे उत्तर प्रदेशातले, पण तो वाढला मुंबईत, आणि २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला. (महाराष्ट्राने त्याला आपला म्हटले याचा मला आनंदच आहे. आमची सीमाभागातली पोरे मात्र कर्नाटकाच्या बनियनमध्ये कबड्डी खेळतात आणि महाराष्ट्रातल्या जत्रांत कुस्त्या मारतात. ‘कुणाच्या वतीने’ हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकी नाही.) २०१५ च्या जागतिक स्पर्धेत, लास व्हेगासला, त्याने कांस्यपदक घेऊन ७४ किलो गटात भारताची ऑलिंपिकची जागा मिळवली. त्या जागेसाठी निवड-कुस्ती व्हावी म्हणून सुशीलकुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जून २०१६ मध्ये न्यायालयाने ते नाकारले. पाठोपाठ नरसिंगच्या चाचणीत बंदी असलेले उत्तेजक सापडले. कुणीतरी आपल्या खाण्यापिण्यात ते कालवले, असे तो म्हणाला. देशातल्या समितीने १ ऑगस्टला ते मानले आणि त्याला मोकळे केले. तो रिओला पोहोचला. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते मानले नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. ती २०२० मध्ये संपली. त्याच वर्षी डिसेंबरात बेलग्रेडच्या विश्वचषकात तो पुन्हा भारताच्या वतीने उतरला, आणि एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्षही झाला.

बेलग्रेडची बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आधी किल्लीचेच वाक्य आले. पण या वेळी त्याने मला टाळी दिली नाही. कारण मधल्या काळात जगातल्या शहाण्या माणसांनी नेमका हाच वाद घालून संपवला होता. ऑलिंपिक समितीने २००८ मध्ये ओसाका येथे नियम केला होता की, उत्तेजकांपायी सहा महिन्यांपेक्षा जास्त बंदी झालेल्या खेळाडूने, बंदी संपलेली असली तरी, पुढच्या ऑलिंपिकला यायचे नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये क्रीडा लवादाने हा नियम मोडीत काढला. लवादाचे म्हणणे असे की, याला पात्रतेची अट म्हणा की आणखी काही, ही दुसरी शिक्षा आहे, आणि सर्वांनी मिळून मान्य केलेल्या संहितेत ती नाही. ब्रिटनच्या ऑलिंपिक संघटनेने तर अशा खेळाडूंना जन्मभरासाठी दार लावले होते. एप्रिल २०१२ मध्ये तेही उघडावे लागले आणि ड्वेन चेंबर्स लंडनमध्ये ब्रिटनसाठी धावला.

पंचांनी दोन जत्रा सांगितल्या होत्या. तिसरी मी वाढवली होती.

इथे कुणी विचारेल, आणि विचारावेच, की कुस्ती खेळणे वेगळे आणि देशाचे नाव छातीवर लावणे वेगळे. पहिला पोटापाण्याचा हक्क आहे, दुसरा मान आहे, आणि मान कुणी हक्काने मागत नाही. या म्हणण्यात वजन आहे. प्रतिनिधी आपल्या तोंडाने बोलतो. त्याच्या हाताला तेल लागलेले असेल तर ते आपल्याही हाताला लागते. २०११ मध्ये आपल्या रिले संघातल्या मुली उत्तेजकांच्या चाचणीत सापडल्या, त्यांत आपल्या कर्नाटकची अश्विनी अक्कुंजीही होती. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमुळे हे झाले असे मुलींचे म्हणणे होते, आणि तो परदेशी प्रशिक्षक तेव्हाच काढला गेला. मुलींना दोन वर्षांची बंदी झाली. पुढे २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघींनी ४ × ४०० रिलेचे सुवर्ण घेतले. त्या चौघींत मनदीप कौर आणि प्रियांका पंवार या दोघी बंदी भोगून आलेल्या होत्या. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे २०१६ मध्ये प्रियांका पुन्हा सापडली आणि आठ वर्षे बाहेर गेली. किल्लीवाले म्हणतील, बघा! पण त्याच शर्यतीत धावलेल्या मनदीपला प्रियांकाच्या पुढच्या चुकीची शिक्षा आधीच द्यायची होती का?

आणखी एक मार्ग सुचवला जातो : पश्चात्ताप दिसला तर घ्या, नाही तर नको. पारावर हा मार्ग फार लोकप्रिय असतो, कारण त्यात दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी काढायला लावण्याचे सुख असते. पण नरसिंगसारख्या माणसाने काय करावे? मी केलेच नाही, असे तो म्हणतो. त्याचे खरे की खोटे हे मला ठाऊक नाही. लवादाने मानले नाही, एवढेच मला ठाऊक आहे. तो खरे बोलत असेल तर पश्चात्ताप मागणे म्हणजे निरपराध माणसाला खोटे बोलायला लावणे. आणि तो खोटे बोलत असेल, तर ज्याला चांगले रडता येते तोच देशातर्फे जाणार. यापेक्षा मोजलेली वर्षे बरी. ती सगळ्यांना सारखी असतात आणि संपतात.

इथपर्यंत माझा हिशेब जुळतो. घोड्यांपाशी येऊन तो अडतो.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला आपल्यापैकी पुष्कळजण जातात, तिथला घोड्यांचा बाजार पाहतात. पण घोड्यावर बसून आडव्या दांड्यांवरून उड्या मारण्याचा जो ऑलिंपिक खेळ आहे, तो आपल्याला दूरचा. दांडी पडली की दोषांक, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. २००४ मध्ये अथेन्सला आयर्लंडच्या सियन ओकॉनरने यात सुवर्ण जिंकले. मग त्याच्या घोड्याच्या तपासणीत माणसांच्या मनोविकारांवरची औषधे सापडली. घोड्याच्या लघवीचा दुसरा नमुना प्रयोगशाळेच्या वाटेवरच चोरीला गेला; आपल्याकडेही इतके रंगवून कुणी सांगितले नसते. २००५ मध्ये पदक काढून घेतले, तीन महिन्यांची बंदी झाली. मुद्दाम फसवल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. ते सुवर्ण ब्राझीलच्या रॉड्रिगो पेसोआला मिळाले. आणि २००८ च्या ऑलिंपिकमध्ये खुद्द पेसोआचाच घोडा तपासणीत सापडला. २०१२ मध्ये लंडनला ओकॉनर आयर्लंडसाठी कांस्यपदक जिंकून गेला आणि उद्घाटनाला ब्राझीलचा ध्वज हातात धरून चालला तो पेसोआ!

२००८ मध्ये जे घोडे बाद झाले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगात सापडले होते मिरचीतले तिखट, आणि पेसोआच्या घोड्याच्या अंगात त्याच जातीचे दुसरे द्रव्य. आपल्या बाजारात मिरचीच्या ढिगापाशी उभे राहून शिंकणाऱ्याला याची कल्पना सांगायला नको. तिखटाचा लेप दुखणे दबवायला वापरतात हे खरे. पण घोड्याच्या पायाला लावला तर कातडी भाजते, आणि दांडीला पाय लागला की त्याला इतकी आग होते की पुढच्या वेळी तो पाय आणखी वर उचलतो. २०२१ मध्ये अँड्र्यू कोचर या अमेरिकन स्वाराला दहा वर्षांची बंदी झाली, ती टाचेच्या आरीतून घोड्याला विजेचे झटके दिल्याबद्दल. ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिनचा खेळ उड्यांचा नाही, घोड्याला शिस्तीच्या चाली करायला लावण्याचा. शिकवणीत विद्यार्थिनीच्या घोड्याला पुन्हा पुन्हा चाबूक मारतानाची तिची चित्रफीत बाहेर आली, तिने २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक सोडले आणि एक वर्षाची बंदी भोगली. जुलै २०२५ मध्ये ती संपली.

नरसिंगच्या गोष्टीत नुकसान झाले असेल तर ते दुसऱ्या पैलवानाचे, आणि तो पैलवान तक्रार करू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो, जागा परत मागू शकतो. घोड्याला यातले काही येत नाही. ज्याचा पाय भाजला त्याने दोन वर्षे मोजलेली नसतात. बंदी संपल्यावर स्वार परत येतो तो पुन्हा एका घोड्यावरच बसायला येतो. माणसाने माणसाला माफ करावे, हे आपण आपसांत ठरवू शकतो. घोड्याच्या वतीने माफी द्यायला आपण कोण? म्हणून घोडेस्वाराच्या बाबतीत, वर्षे वाढवू नयेत हे कबूल करूनही, मी एक गोष्ट मागेन. देशाचा झेंडा हवा असेल तर तबेल्याचे दार उघडे ठेव. न सांगता येऊन कुणीही पाय तपासेल, रात्रीही तपासेल. ही शिक्षा नव्हे. फडात दोन्ही गड्यांचे अंग पाहतात, ज्याने तेल लावले होते त्याचेही आणि ज्याने कधीच लावले नाही त्याचेही. जुन्या गड्याचे जरा जास्त वेळ पाहतात, इतकेच.

आणि मागचे लपवू नये. बसवकल्याण आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या बाराव्या शतकातल्या शरणांत कन्नद मारितंदे नावाचे एक वचनकार होऊन गेले. कन्न म्हणजे घर फोडण्यासाठी भिंतीला पाडलेले भोक, हे आपल्या कानडी-मराठी वाचकाला सांगायला नको. परंपरा सांगते की ते घरफोड्या करीत असत. शरणांनी त्यांना आपल्यात घेतले, त्यांची वचने जपली, पण नाव बदलून ‘शुद्ध मारितंदे’ केले नाही. भिंतीतले भोक नावात तसेच राहू दिले. आपले खेळमंत्री आणि आपली वर्तमानपत्रे नेमके उलटे करतात. पदक हरले की जुनी बंदी पहिल्या पानावर, आणि पदक मिळाले की ती कुठेच नाही. इंचॉनच्या दिवशी त्या दोघींच्या बंदीचा उल्लेख करणाऱ्याला आपण अपशकुनी म्हटले असते. मला वाटते, त्याच दिवशी तो करायला हवा होता, सुवर्णाच्या त्याच बातमीत, दुसऱ्या ओळीत.

त्या पोराचे काय झाले, हे राहिले. तो काही वर्षे हैदराबादेकडे कामाला गेला, परत आला, शेती केली. आता पासष्टीच्या पुढे आहे. गेली पुष्कळ वर्षे जत्रेत जोड सुटण्याआधी पंच त्यालाच बोलावतात. तो दोन्ही गड्यांच्या मानेवरून, पाठीवरून, मांड्यांवरून तळहात फिरवतो आणि मान हलवतो, मगच कुस्ती लागते. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या शेजारी घोंगडीवर बसलो होतो. मध्येच तो म्हणाला, “गुरुजी, तुमचं ते किल्लीचं बोलणं अजून याद हाय मला.”

मी म्हणालो, “चुकलं होतं माझं.”

तो हसला नाही, रागावलाही नाही. फडाकडे पाहत म्हणाला, “त्या साली मी तेल लावणार न्हवतो, गुरुजी.” आणि पुढची जोड आली म्हणून हात झटकत उठला.