विझलेली फुलबाजी

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी माझा एक जुना विद्यार्थी फराळाचा डबा घेऊन घरी आला. बरोबर त्याची आई होती. मुलगा इंजिनियर झाला आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणशाळेत दाखल झाला, त्याला तेव्हा दोन-तीन महिनेच झाले होते. चहा झाल्यावर त्या माउलीने हळूच विचारले, "गुरुजी, तिथं धोका नाही ना हो?"

"छे छे! काही काळजी करू नका," मी म्हणालो.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो, मुलांना अंकगणित आणि मराठी शिकवतो. अणुभट्टीतले मला ओ की ठो कळत नाही. आणि तरीही, गावात गुरुजींच्या शब्दाला मान आहे एवढ्या भांडवलावर, मी एका आईला हमी देऊन मोकळा झालो! ज्याचे ज्ञान नाही त्याची हमी देणे हे खोटे बोलण्याहून फारसे वेगळे आहे का? हा प्रश्न त्या दिवसापासून माझी पाठ सोडीत नाही.

आईची पाठ वळल्यावर तो मुलगा हसून म्हणाला, "गुरुजी, धोका नाही असं नाही. फुलबाजी विझल्यावर तिची तार तुम्ही आम्हांला पाण्याच्या बादलीत टाकायला लावायचात, आठवतं? आमचं सगळं शिक्षण त्या तारेचं आहे."

मग त्याने मला समजावून दिले. अणूंच्या विभाजनाची साखळी क्षणात थांबवता येते; पण भट्टी बंद केल्यावरही तिच्या उष्णतेतले शंभराला सहा-सात भाग तत्काळ मागे उरतात. ते हळूहळू कमी होतात, परंतु दिवसच्या दिवस इंधन थंड ठेवावे लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानात भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमाच्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या नियमाप्रमाणे आपोआप बंद झाल्या होत्या. त्यानंतर समुद्र आत आला, वीज देणारी डिझेल यंत्रे बुडाली, थंड पाणी फिरेनासे झाले आणि तिन्ही भट्ट्यांतले इंधन वितळले. फुलबाजी विझली होती. बादली मात्र नव्हती.

वाचकहो, माणसाच्या कर्माचेही असेच नव्हे काय? हात थांबला म्हणजे जबाबदारी थांबली, असे आपण किती सहज समजतो!

ही प्रशिक्षणशाळा १९५७ सालची. त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी चालू झाली होती. यंत्र आले तरी यंत्र जाणणारी माणसे बाजारात विकत मिळत नाहीत, हे होमी भाभांनी ओळखले होते. तेव्हापासून दरसाल निवडक पदवीधर तेथे वर्षभर शिकतात. २००५ पासून त्या विद्येला होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचीही जोड आहे. आणि विद्या तरी किती लांब पल्ल्याची! केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणाऱ्या थोरियमपासून वीज काढण्याची तीन टप्प्यांची योजना भाभांनी १९५४ साली मांडली. कल्पाक्कमला १९८५ साली द्रुत प्रजनक भट्टी सुरू झाली. तिला थंड ठेवायला पाणी नव्हे, वितळलेला सोडियम लागतो, आणि हा सोडियम हवेत पेट घेतो. १९९६ साली तेथेच थोरियमपासून घडवलेल्या युरेनियमवर 'कामिनी' ही अवघ्या ३० किलोवॉटची छोटी भट्टी चालू झाली. सत्तर वर्षे उलटली, तरी तिसरा टप्पा अजून पुढेच आहे. आजोबांनी लावलेल्या फणसाचे गरे नातवाने खावेत, तसे हे काम. फरक एवढाच, की येथे गऱ्यांबरोबर हजारो वर्षे सांभाळायची राखही नातवाच्या पदरात पडते.

म्हणून असे वाटते, की आपल्यासारख्या अडाण्यांना जाणत्यांवर विसंबण्यावाचून गत्यंतर नाही. पण विसंबायचे कशावर? नुसत्या ज्ञानावर? चेर्नोबिलच्या जातीच्या भट्टीत नियंत्रक कांड्या आत घालताना क्षणभर जोर उलट वाढू शकतो, ही गोष्ट १९८३ सालीच इग्नालिनाच्या भट्टीत दिसून आली होती. जाणत्यांना ती ठाऊक होती. परंतु २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलला ज्यांनी बंद करण्याचे बटण दाबले, त्यांना ती कोणी नीट सांगितली नव्हती. ज्ञान होते; ते बोलून दाखवण्याची रीत नव्हती.

हे ऐकताना मला एक जुना दिवस आठवला आणि मान खाली गेली. सहावीच्या वर्गात मी फळ्यावर व्याजाचे उदाहरण सोडवीत होतो. हाच मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, उत्तर चुकलं." मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभे केले. घरी येऊन पडताळा पाहिला, तर चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी मी ते मुकाट्याने पुसून टाकले. वर्गाला काही बोललो नाही.

वरिष्ठांपुढे उभे राहून 'चुकते आहे, थांबा' म्हणणारी जीभ विद्यापीठात तयार होत नाही. ती गावच्या शाळेत, सहावीच्या वर्गात एक तर फुटते, नाहीतर कायमची मिटते. अणुभट्टीशी माझा काय संबंध, असे मी म्हणत होतो. संबंध होता, आणि तो मी बाकावर उभा केला होता!

निघताना ती दोघे नमस्काराला वाकली, तेव्हा मी मुलाला त्या दिवसाची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "गुरुजी, मी तर विसरूनही गेलो होतो." मग मी त्याच्या आईकडे वळलो.

"वहिनी, मघाशी मी न कळता बोललो. धोका आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. पण एवढं ठाऊक आहे, की उत्तर चुकलं तर तुमचा मुलगा गप्प बसत नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मग बरं झालं."