बाजार हाच मालक

गिरणीला फाटक असतं. फाटकासमोर सभा घेता येते, मालकाच्या नावाने घोषणा देता येतात आणि संप झाला की साचे बंद पडून सगळ्या शहराला तो कळतो. भुसार बाजारातल्या हमालाला असं फाटक कधीच नव्हतं. सकाळी एका आडत्याचा ट्रक रिकामा करायचा, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, दिवस कलताना तिसऱ्याचा माल टेम्पोत चढवायचा. वर्षभर राबून तो कुणाचाच नोकर नसे. पाय घसरून पोत्याखाली सापडला तर भरपाई कुणाकडे मागायची, म्हातारपणी फंड कुणी द्यायचा, साधी हमाली बुडाली तर कुणाच्या दारात जायचं, या प्रश्नांना ‘माझा माणूसच नाही तो’ एवढंच उत्तर प्रत्येक पेढीवर मिळे. आणि कागदोपत्री ते खरंही होतं.

पुण्यात 1955 साली हमाल पंचायत उभी राहिली ती या अडचणीतून. तिचे संस्थापक डॉ. बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवत. घाऊक बाजार तेव्हा तिथेच, शेजारच्या भवानी पेठेत होता. धान्याचं पोतं शंभर किलोचं असे. एका माणसाने वाहायच्या वजनाची कमाल मर्यादा पंचावन्न किलो असावी, ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस 1967 सालची. पण मणका आणि गुडघे काय सोसतात, हे पेठेतल्या डॉक्टरला समजायला जिनिव्हाचा कागद लागत नव्हता. हमालीचे दर, पोत्याचं वजन, मुकादमाची उचल या तक्रारी सुरुवातीपासून होत्याच. पण मालकच सापडत नसेल तर वाटाघाट करायची कुणाशी?

या कोड्याला महाराष्ट्राने दिलेलं उत्तर मला आपल्या सामाजिक कायद्यांमधली सर्वांत बुद्धिमान तोड वाटते. मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींची चळवळ उभी राहिली, पुण्यात पंचायत होतीच, आणि 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. कुठल्या व्यापाऱ्याला हमालाचा मालक ठरवावं या वादात तो शिरलाच नाही. त्याने मंडळ नेमलं: त्यावर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने नोंद करायची, हमालाने नोंद करायची. टोळीने ज्याचं काम केलं त्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्ट्या, दवापाणी. हमालाने दिवसभरात सहा पेढ्या बदलल्या तरी त्याचं खातं एकच. एकटा एकही आडत्या मालक ठरला नाही. मालक ठरला अख्खा बाजार.

या एका तोडीचे परिणाम कायदा करणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडे गेले असावेत. मंडळाकडून मिळणाऱ्या मजुरीला हिशेब आला. हिशेब आला म्हणजे बँक कर्ज द्यायला तयार होते, घरासाठी सोसायटी करता येते, मुलाच्या शाळेच्या अर्जावर बापाचा व्यवसाय ठसठशीत लिहिता येतो. पुण्यात बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, तिथे हमाल भवन झालं, हमालांची पतसंस्था झाली, हमालनगर वसलं. गावाकडे दोन एकर कोरडवाहू आणि शहरात फळीवरची झोप, एवढाच ज्याचा पत्ता होता, तो माणूस पुण्याचा नागरिक झाला. मतदार यादीत नाव असणं आणि शहरात आपली जागा असणं यांत फार अंतर असतं. ते अंतर या माणसांनी पासबुकाच्या आधाराने कापलं, आणि पासबुकामागे पंचायत होती.

इथे मला एका वेगळ्या परंपरेची आठवण होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये गावोगाव कामगारांची ‘बूर्स द्यु त्राव्हाय’ निघाली, पॅरिसचं 1887 साली. इटलीत मिलानचं कामगार सभागृह 1891 साली सुरू झालं. एका कारखान्याची किंवा एका धंद्याची अशी ही संघटना नव्हती. सुतार, छपाई कामगार, गवंडी, सगळ्यांचं गावातलं एक घर होतं. तिथे काम मिळवून देण्याची सोय, ग्रंथालय, रात्रवर्ग, कामाच्या शोधात फिरणाऱ्याला वाटखर्च. तेहतिसाव्या वर्षी गेलेल्या फर्नां पेलुतिएने या घरांच्या संघासाठी आयुष्य झिजवलं. पण पॅरिसची इमारत नगरपालिकेची होती, आणि 1893 साली सरकारने तिला सरळ कुलूप ठोकलं. स्वतःची जागा आणि स्वतःची कमाई असणं कामगारांच्या संघटनेसाठी किती निकडीचं असतं, ते या प्रसंगाइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही.

आपल्याकडेही ही जाण होती. नारायण मेघाजी लोखंड्यांना आपण रविवारच्या सुट्टीसाठी ओळखतो, आणि 1884 पासून त्यांनी गिरणी कामगारांसाठी केलेलं काम मोठंच आहे. पण 1893 च्या दंगलीनंतर मुंबईत हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले, आणि प्लेगची साथ आली तेव्हा रोग्यांच्या सेवेत राहून 1897 च्या फेब्रुवारीत त्याच रोगाने गेले. हे त्यांच्या कामगार नेतेपणाच्या बाहेरचं काहीतरी होतं असं चरित्रांमधून सुचवलं जातं, ते मला पटत नाही. ज्या चाळीत प्लेग शिरतो तीच कामगाराची चाळ असते. लोखंडे सत्यशोधक होते, आढावही त्याच वाटेवरचे.

म्हणून मला पंचायतीच्या सगळ्या कामांमध्ये ‘कष्टाची भाकर’ महत्त्वाची वाटते. 1974 साली पुण्यात हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू झालं. ना नफा, ना तोटा. झुणका, भाकर, उसळ, साधं आणि पोटभर. सरकारी झुणका-भाकर केंद्रं महाराष्ट्रात आली ती 1995 नंतर, आणि त्यांतली बहुतेक कुठे गेली ते शोधावं लागतं. पंचायतीची भाकर टिकली. जेवणाच्या पंगतीला सभासदत्व विचारलं जात नाही. रिक्षावाला येतो, हातगाडीवाला येतो, स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेला मुलगा येतो. संघटनेने सभासदाच्या मजुरीसाठी भांडावं हे गृहीतच आहे. पण वर्गणी न भरणाऱ्या अनोळखी माणसाच्या ताटात ती भाकर वाढते तेव्हा शहराशी तिचं नातं बदलतं. उद्या हमालांनी काम बंद ठेवलं तर बाजार अडला म्हणून चिडणाऱ्या गर्दीत तिथे जेवलेला एखादा तरी असतो, आणि तो त्यांच्या बाजूने बोलतो. याशिवाय, दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाला परवडणारं जेवण ही मजुरीचीच बाब आहे. दर वाढवून घेतला आणि वाढलेला पैसा खाणावळीत गेला तर लढाईतून हाती काय आलं?

पुढे 1993 साली याच वळणाची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यात निघाली. कचरा वेचणाऱ्या बायकांना तर हमालाइतकाही बाजार नव्हता. त्यांच्या कामाचा लाभ घेणारं अख्खं शहर त्यांना चोर समजत होतं. आधी ओळखपत्र आलं, महापालिकेच्या मान्यतेचं. मग 2008 साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि घरोघरचा कचरा उचलण्याचा हक्क आणि मोबदला त्यांना मिळाला. हमालांच्या बाबतीत बाजार मालक ठरला होता. इथे निदान काही अंशी नगर मालक ठरलं. करार दर काही वर्षांनी टांगणीला लागतो आणि बायकांना पुन्हा रस्त्यावर यावं लागतं, ही खेदाची गोष्ट आहे.

या परंपरेवर माझं प्रेम आहे, म्हणूनच तिचं दुखणं झाकायचं नाही. माथाडी या नावाआड खंडणी उकळणाऱ्या टोळ्या औद्योगिक पट्ट्यात शिरल्या आहेत. कारखान्याच्या दारात गाडी अडवून न केलेल्या कामाचे पैसे मागतात. उद्योजकांची तक्रार खरी आहे. त्यावर मंडळंच मोडीत काढा असं म्हणणारे मात्र भामट्याची शिक्षा हमालाला देत आहेत. दुसरं दुखणं आतलं आहे. नोंदणीची जागा घराण्याची मालमत्ता होऊ लागली, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला पोरगा बिल्ला नसताना निम्म्या दरात तेच पोतं उचलू लागला, तर 1955 सालचा हमाल पुन्हा जन्माला आला असं समजावं. यादी उघडी ठेवणं जुन्या सभासदाला जड जातं, हे मला कळतं. पण बंद यादी असलेल्या संघटनेची हळूहळू जात होते, आणि सत्यशोधकांच्या वारसांना ते शोभणारं नाही.

आज मोटारसायकलवर जेवण आणि सामान पोचवणारी मुलं शहरभर फिरतात. कंपन्या त्यांना भागीदार म्हणतात, कामगार म्हणत नाहीत. राजस्थानने 2023 साली त्यांच्यासाठी कायदा केला: मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क. रचना पाहिली की माथाडी मंडळाची आठवण व्हावी. ही कल्पना जिथे वाढली त्या महाराष्ट्राने यात पुढे असायला हवं होतं. मंडळ कायद्याने येईल तेव्हा येईल. त्याआधी या मुलांना एक जागा हवी आहे: कर्वे रस्ता, विमाननगर, हडपसर, जिथे ती दुपारी फुटपाथवर मोबाइलकडे बघत थांबतात तिथे. पाणी, स्वच्छतागृह, फोन चार्ज करायची सोय, स्वस्त भाकर, आणि एका टेबलावर नाव-गाव-अपघात नोंदवणारी वही. यातलं काहीही महापालिका आणि पंचायत मिळून या वर्षात करू शकतात. कष्टाची भाकर सुरू करताना 1974 सालीही कुणी नव्या कायद्याची वाट पाहिली नव्हती.