सचोटीची कसोटी

नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची विद्या प्रमाणपत्रावरून कळते. पण सचोटी, संयम, मनमिळाऊपणा हे कशावरून जाणावे?

अमात्यांची पारख करण्यास कौटिल्याने धर्म, अर्थ, काम व भय या चार कसोट्या सांगितल्या. अर्थाच्या कसोटीस उतरलेल्यास कोषाचे काम, धर्माच्या कसोटीस उतरलेल्यास न्यायदानाचे. म्हणजे गुण कामाच्या अनुरोधाने पाहावा. परंतु या कसोट्या कपटाच्या होत्या. निर्मळ पाण्यात विष कालवावे तसे शुद्ध मन परीक्षेपायी नासवू नये, असा इशाराही त्यानेच दिला.

घटकाभराच्या मुलाखतीत वाक्पटू सरस ठरतो, अबोल सज्जन मागे पडतो. त्यापेक्षा आठ दिवस वेतन देऊन प्रत्यक्ष काम सोपवावे. तो शिपायाशी कसा बोलतो, चुकल्यास काय करतो, हे त्यास सांगून-सवरून पाहावे. दुसऱ्याची सचोटी पारखण्यासाठी स्वतःची गमावली, तर त्या निवडीस अर्थ काय?