मोर आणि मूठभर ज्वारी

गेल्या आषाढांत पुण्याच्या वेताळ टेकडीवर आम्ही फिरावयास गेलों असतां झुडुपांपलीकडे एक मोर पिसारा उभारून नाचत होता. बरोबरच्या माजी विद्यार्थ्यानें कॅमेरा सरसावला. मोर जवळ यावा म्हणून खिशांतून मूठभर ज्वारीही काढली. आम्ही त्याचा हात धरला.

“सर, दाण्यानें मोराचें काय बिघडणार?”

प्रश्न वरवर पाहतां बिनतोड आहे. मोराच्या शिकारीस १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे, आणि कॅमेरा म्हणजे कांहीं बंदूक नव्हे. परंतु लांडोर अंडीं घालते तीं जमिनीवर, झुडुपाच्या आडोशाला. माणसाचें भय हेंच तिचें कुंपण. मूठभर ज्वारीनें तें आपण विकत घेतों. पुढें येणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं कॅमेराच असेल, याची हमी कोणीं द्यावी?

आमच्या घरीं पुस्तकांत मोरपीस ठेवण्याची जुनी चाल आहे. पिसें दरवर्षीं आपोआप गळतात खरीं. पण आमचें पीस गळलेलें कीं उपटलेलें, हें विकणाऱ्यास आम्ही कधींच विचारलें नाहीं. हात धरतांना तें आठवलें, आणि आमचा आवाज थोडा खालीं आला.

त्या दिवशींच्या छायाचित्रांत झुडुपाआड निळा ठिपका तेवढा दिसतो. विद्यार्थी तें कोणास दाखवीत नाहीं. आम्ही एक प्रत मागून घेतली आहे.