काडी लावू का?

उलंगवाडी झाली की आमच्या आदिलाबादकडे धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. आमचं वावर बटईनं दिलेलं. गेल्या फाल्गुनात बटईदार दारात आला, म्हणाला, "काकू, काडी लावू का?" मी पोळ्या लाटत होते. "तुझं तू बघ बाबा," म्हटलं आणि पुढची पोळी टाकली.

संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले आणि रोजच्याच शब्दांवर अडले. केलेलं, करवलेलं, अनुमोदलेलं. "तुझं तू बघ" यांतल्या कशात बसतं?

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या आवारातला पालापाचोळा जाळायलाही आधी परवाना लागतो. वारा असेल त्या दिवशी पेटवायचं नाही, पाणी जवळ ठेवायचं, विस्तव पुरता विझेस्तोवर हलायचं नाही. पूर्वी मला हा नुसता काथ्याकूट वाटायचा. आपल्याकडे उघड्यावर कचरा जाळायला बंदीच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्याला ५,००० रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. पण धुऱ्यावर कोण बघायला येतं? बटईदार कुठल्या कचेरीत गेला नाही, माझ्याकडे आला. म्हणजे परवाना देणारी कचेरी मीच, आणि मी एकही अट घातली नाही.

श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादानं आहेत. त्यांत दवदान आहे, म्हणजे रान पेटवणं. पण त्याच यादीत जमीन फोडण्याचा धंदाही आहे, नांगरही सुटलेला नाही. मग शेतीच नको म्हणणारे आमच्यात आहेत. भाकरी मात्र तेही खातात.

पऱ्हाटी जाळतात ती उगाच नाही. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. पुढच्या हंगामाआधी पऱ्हाटी नष्ट करा, असं शेतीखातंही सांगतं. अळी मरणारच, हे मला कळतं. पण ढीग महिनाभर पडून राहिला की सरडे, विंचू, साप, मुंग्या, सगळ्यांचं ते घर होतं. काडी लागते ती त्या घराला. उभी पऱ्हाटीच ट्रॅक्टरच्या मशीननं बारीक करून मातीत मिसळली, तर ढीगच होत नाही.

यंदा त्यानं विचारायच्या आतच मी म्हटलं, "जाळू नको, मशीन लाव."

तो थोडा थांबला. "लावतो ना काकू. भाडं?"

आमच्या बटईत मशागतीचा खर्च त्याचा. काडीपेटीला असे किती पैसे लागतात! माझी अहिंसा त्याच्या खिशातून चालली होती. रात्री ह्यांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पुण्य तुझं, अन् पैसे त्याचे?"

अर्धं भाडं मी घरखर्चातून दिलं. अर्धं त्यानं दिलं. पटलं म्हणून दिलं, की पुढच्या वर्षी वावर दुसऱ्याला जाईल म्हणून, हे त्याला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.